भिंगरीचं मुखत्यारपत्र

वृद्धांच्या शुश्रूषागृहात तिला सगळे भिंगरी म्हणत. सव्वीस वर्षं तिथे आयाचं काम केलं, पण तिला बसलेली कुणी पाहिली असेल तर शपथ! याला अंघोळ घाल, त्याची कूस बदल, तिला भरव, मधेच कुणाची कवळी हरवली की ती शोध. लग्न केलं नाही. "वेळ कुठे मिळाला?" म्हणायची आणि पुढच्या खाटेकडे पळायची.

त्या महिन्यात मात्र ती सात नंबरच्या खाटेपाशी जाऊन उभी राहिली आणि आपण कशाला आलो तेच आठवेना. पाणी द्यायला? गोळी द्यायला? छे! दोन दिवसांनी पुन्हा तेच. तिच्या आईचं अगदी असंच सुरू झालं होतं. आईने काही लिहून ठेवलं नव्हतं. भान गेल्यावर सही करणार कोण, म्हणून घर विकता येईना, आणि घर असूनही त्या माउलीचे शेवटचे दिवस फुकटच्या वॉर्डात, दाराजवळच्या खाटेवर गेले.

"डोकं ठिकाणावर आहे तोवर कागद करा, नंतर मलाही काही करता येणार नाही," त्याच आठवड्यात गाठलेल्या वकीलबाईंनी तिला स्पष्ट सांगितलं. उद्या भिंगरीला समजेनासं झालं, तर तिचा दोन खोल्यांचा फ्लॅट विकून तिच्या देखभालीचा खर्च कुणी भागवायचा, तिला कुठे ठेवायचं हे कुणी ठरवायचं, एवढंच त्यात होतं. सगळं टाइप झालं. तिच्या वतीने सही करणाऱ्या मुखत्याराचं नाव तेवढं बाकी.

त्या एका नावाने पंधरा दिवस तिचा जीव खाल्ला.

पुतण्या तयारच होता. "आत्या, वकिलाच्या नादी कशाला लागतेस? फ्लॅट माझ्या नावावर कर. मी आहे ना!" पोरगं वाईट नव्हतं हो. पण 'मी आहे ना' म्हणणारे तिने ढिगाने पाहिले होते. रविवारी यायचे, घड्याळ बघायचे, जायचे.

मग बाईला काय सुचावं? ठणठणीत मनगटाला पट्टी गुंडाळली, हात मुरगळला म्हणून जाहीर केलं आणि सूप करून पुतण्याला बोलावलं. नव्या आयांना ती पहिल्याच दिवशी शिकवायची: चमच्याकडे नाही, गळ्याकडे बघा. घोट उतरल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. पुतण्याने भरवलं, अगदी लाडाने, पण फोनवर बोलत बोलत. चौथ्या चमच्याला तिला खरंच असा ठसका लागला की सूप त्याच्या शर्टावर!

संध्याकाळी वहिनी दारात हजर. वहिनी म्हणजे पुतण्याची आई, भिंगरीच्या वारलेल्या भावाची बायको. दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य. "वन्सं, तुम्हाला गिळता येत नाही असं सांगत आला तो. झालंय काय?" करवादतच तिने स्टूल ओढलं, उरलेलं सूप गरम केलं, चमचा तोंडाशी धरला. आणि थांबली. घोट उतरेपर्यंत थांबली. प्रत्येक चमच्याला थांबली. तोंडाचा पट्टा मात्र चालूच. भिंगरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तिखट झालंय का?"

"हो," भिंगरी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती वहिनीला घेऊन थेट वकीलबाईंकडे. "यांचं नाव घाला."

"माझं?" वहिनी उडालीच. "अहो, मी तुमच्याहून पाच वर्षांनी मोठी! आधी मीच आडवी होणार."

"ते पुढचं पुढे. हो म्हणा आधी."

वहिनी खुर्चीवर टेकली. मग हळूच म्हणाली, "आणि माझं कोण बघणार, वन्सं?"

"तुम्हाला मुलगा आहे की!"

"आहे," वहिनी म्हणाली. "सदा फोनवर."

भिंगरी ओशाळली. आपण जगाची विचारपूस करत फिरलो आणि घरच्या या बाईला कधी एका शब्दाने विचारलं नाही, हे तिला फार लागलं. "दुसरा कागद करा," ती म्हणाली. "यांचा. त्यात माझं नाव घाला."

वकीलबाईंनी चष्मा काढला. "पण तुम्हीच सांगितलंत ना, विसरायला होतंय म्हणून? आणि दोघीही अंथरुणाला खिळलात तर? तिसरं कुणीतरी लागेल. आहे कुणी?"

भिंगरीने वहिनीकडे पाहिलं.

"आठवतंय तोवर त्या माझं बघतील, मग मी त्यांचं," वहिनी म्हणाली. "तिसरं माणूस शोधू आम्ही दोघी. द्या इकडे ते पेन."