चाकणला अडखळायला गेले होते

कराडहून निघताना आईने बजावलं, "सिनेमावाल्यांसमोर व्याकरण काढू नकोस." मी शाळेत मराठी शिकवते, तोंडावळा मात्र मिझोरामचा. चार महिन्यांची असताना मान्यांकडे दत्तक आले, तेव्हापासून आडनाव, कुलदैवत आणि तिखट सगळं त्यांचंच. आता चाकणला एका सिनेमाचं शूटिंग होतं: मराठी जोडपं ईशान्येकडची तान्ही मुलगी दत्तक घेतं. मोठेपणीच्या मुलीसाठी मला बोलावलं होतं. माझ्यासारखा चेहरा पडद्यावर मराठी बोलणार, म्हणून मी महिनाभर हवेत होते.

वाकडला एसटीतून उतरून डांगे चौकापर्यंत रिक्षा केली.

"मॅडम, नेपाल से?" रिक्षावाल्याने विचारलं.

"कराडहून."

त्याने आरशात पुन्हा पाहिलं. "कराडला कधीपासून?"

"दात नव्हते तेव्हापासून, भाऊ."

तो इतका हसला की सिग्नल सुटलेला त्याला कळलाच नाही.

चौकात मिसळ घेतली. सँपल (आमच्याकडचा कट) मागितला, तर वाढप्याने "तीखा है, मॅडम" म्हणत वाटीच मागे घेतली. मग मी दोन वाट्या प्यायले. नाकातून पाणी आलं, पण इज्जत राहिली.

तिथून सिनेमावाल्यांच्या गाडीने चाकण. नव्याकोऱ्या मोटारी लादलेल्या ट्रेलरमागे तासभर अडकलो. कंपन्यांच्या भिंती संपतात न संपतात तोच कांद्याचं एखादं वावर डोकावे आणि पुन्हा भिंत. शूटिंगच्या बंगल्यात दिग्दर्शकाने माझे संवाद ऐकले आणि डोकं खाजवलं.

"ताई, मराठी जरा जास्तच चांगली होतेय. थोडं अडखळा ना."

"ती चार महिन्यांची असताना आलीय ना?"

"हो, पण प्रेक्षकांना पटलं पाहिजे."

पुढच्या प्रसंगात घरात चोर शिरतो आणि मी त्याला कराटेने लोळवते. मला धड फुगडी येत नाही. तरी आधी अडखळून पाहिलं, खरंच. "आई, मी भूक लागला." सगळे खूश होऊन हसले. मला मांडीवर घेऊन "बाळ, केळं, माळ" घोटून घेणारी आई आठवली. मी कागद टेबलावर ठेवला. "हे मला जमणार नाही."

चाकणच्या स्टँडवर एक तरुण शेजारी येऊन बसला. चेहरा थेट माझ्यासारखा. आनंदाने त्याच्या भाषेत काही म्हणाला. मला ओ की ठो कळलं नाही. ओशाळून, काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मोमो की गाडी कहाँ लगाते हो?"

तो मराठीत म्हणाला, "मी कंपनीत क्वालिटीला आहे, मॅडम. आणि मला मोमो आवडत नाहीत."

मी माफी मागितली. "सवय आहे," तो म्हणाला. त्याची बस आली आणि तो गेला.

परतीच्या एसटीत दिग्दर्शकावर चिडायला बसले, पण राग धरवेना. त्याला निदान अख्खी पटकथा लिहावी लागली होती; मला एक वाक्य पुरलं.

घरी आईने दारातच विचारलं, "घेतलं का?"

"नाही. मी त्यांना खरी वाटले नाही."

"अडाणी मेले!"

मग स्टँडवरचं सांगितलं. आईने माझ्या हातातली पिशवी घेऊन खाली ठेवली.

"नाव काय गं त्याचं?"

मी विचारलंच नव्हतं.