तिथं वारा नाय

जमनाबाई गेल्याची बातमी मला दारावर कोळंबी विकायला आलेल्या बाईनं सांगितली. टोपली उतरवता उतरवता ती म्हणाली, "वयनी, आमची जमनी गेली परवा. ताप आला न् तीन दिसांत आटपलं." मी भांडं हातात घेऊन तशीच उभी राहिले. त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहायचं ठरवूनच कागद पुढे ओढला आहे, तेव्हा लिहिते. मला सुटल्यासारखं वाटलं. आता खरं काय ते सांगणारं कुणी उरलं नाही, असं वाटलं. रडू नंतर आलं... बऱ्याच नंतर, आणि तेही अर्धं स्वतःसाठीच होतं. त्याला आता महिना होत आला.

नवापूरच्या किनाऱ्याला लागून आमची वाडी. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम निघालं, बोईसर स्टेशनावर परक्या माणसांची ये-जा वाढली, तेव्हा आमच्या ह्यांच्या डोक्यात आलं की वाडीत पाहुण्यांसाठी तीन कॉटेजेस बांधाव्यात. कल्पना त्यांची, पण ते सकाळी पालघरला कचेरीत जायचे ते दिवेलागणीला परतायचे, म्हणजे निस्तरायचं सगळं मी. मी गिरगावातून आलेली, खाऱ्या हवेचं मला काय ठाऊक? नवी कोरी कडी दोन पावसाळ्यांत गंजून हातात येते, व्हरांड्यात झाडलेली वाळू चहा होईस्तोवर परत येते, गाद्या दिवसाआड उन्हात टाकल्या नाहीत तर त्यांना बुरशी धरते, हे सगळं मला जमनाबाईनं शिकवलं. नवऱ्याचा पाय होडीखाली सापडून कायमचा अधू झालेला, पदरात एक मुलगी, म्हणून ती आमच्याकडे कामाला आली होती. बिजागऱ्यांना खोबरेल, कंदिलाच्या काचांना राख, पावसाआधी खिडक्यांना झावळ्यांची झापं... तिला काही सांगावं लागत नसे. गादी ती हुंगून बघायची आणि तिचं नाक वाकडं झालं की ती गादी पाहुण्याला मिळायची नाही, मग मी कितीही आदळआपट करो. माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठी असेल. मी तिला पहिल्या दिवसापासून अगं-तुगं केलं आणि त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही.

कॉटेजेससमोरच्या वाळूवर गावातल्या बायकांच्या वलांड्या होत्या. बांबू रोवायचे, त्यांना दोऱ्या ताणायच्या आणि त्यांवर जोडीजोडीनं बोंबील टांगून वाळवायचे. आमची वाडी झाली त्याच्या कितीतरी आधीपासूनच्या त्या. एका हिवाळ्यात एक बडे साहेब सहकुटुंब आले, आठवडाभर राहणार होते. बाईसाहेबांनी व्हरांड्यात पाऊल ठेवलं तो नाकाला रुमाल लावला आणि दुसऱ्या दिवशी मंडळींनी गाशा गुंडाळला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी जमनाबाईला बोलावून सांगितलं, "बायकांना म्हणावं, वलांड्या सुरूच्या बनामागे न्या." ती जरा घुटमळली.

"वयनी, तिथं वारा नाय."

"ऊन तर आहे ना?"

"बोंबील वाऱ्यावर सुकतो. नुसत्या उनानं नासतो."

मला वाटलं, नाही म्हणायची ही एक पद्धत. माणसाला आपण अडाणी आहोत हे कळत नाही तोवर तो फार जोरात बोलतो... मी जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "पाहुणे आले नाहीत तर कॉटेजेस बंद होतील, जमनाबाई. मग तू कुठे जाणार ते आजच बघून ठेव." तिनं पदराला हात पुसले आणि गेली.

तिनं घरोघर जाऊन बायकांना कसं वळवलं कुणास ठाऊक. आधी स्वतःची वलांडी उपटली, मग एकेकीनं उपटली. बनामागे जमीन सखल, सकाळी दहिवरानं ओली, आणि झाडांच्या आडोशानं झुळूक म्हणून नाही. बोंबील चौथ्या दिवशी वास मारू लागला, पाचव्या दिवशी त्यात किडे वळवळले. अख्ख्या गावाचा माल वाळूत पुरावा लागला. त्या सकाळी बायका आमच्या कुंपणाशीच जमनाबाईला गाठून उभ्या होत्या. मी पहिल्या कॉटेजमध्ये उशांचे अभ्रे बदलत होते. मधे फार तर दहा पावलं. "कुनी सांगितलं तुला तिकडं न्यायला?" एकीनं विचारलं. जमनाबाई म्हणाली, "कुनी नाय. मीच म्हनले, ऊन चांगलं हाय." मी खिडकीतून बघितलं. तिनं माझ्या दिशेला मानसुद्धा वळवली नाही. आणि मी... मी दुसरी उशी घेतली.

त्यानंतर गावानं तिला टाकली. कुणी ठराव केला नाही की भांडण केलं नाही, नुसतं बोलणं बंद झालं. विहिरीवर ती आली की बायका कळशी उचलून निघायच्या. आमच्याकडचं काम मात्र, वयानं थकून तिनं ते सोडलं तोवर, तसंच चालू राहिलं. त्या सकाळबद्दल एक अक्षर दोघींमध्ये कधी निघालं नाही. दोन वर्षांनी तिच्या मुलीचं लग्न ठरलं. हळदीच्या दिवशी मी लुगडं घेऊन गेले. मांडव होता, पाट होता, हळद वाटून ठेवलेली होती, पण गाणी म्हणायला नवरीच्या बाजूनं एकही बाई आली नव्हती. आमच्या भागात हळदीचं गाणं दोन घोळक्यांत म्हणतात, एकीकडून उचलायचं आणि दुसरीकडून झेलायचं. जमनाबाई एकटीच उचलत होती आणि एकटीच झेलत होती. मधे श्वास घ्यायला थांबली की मांडवात शांतता व्हायची आणि मुलगी मान आणखी खाली घालायची. मला मानाची म्हणून पुढे बसवलं होतं. मी साखर तोंडात घातली, लुगडं दिलं आणि ऊन चढायच्या आत घरी आले.

बातमी आल्यावर तेराव्या दिवशी मी गावात गेले. कमळीआजी, जमनाबाईची मोठी जाऊ, गावापलीकडे, बायकांनी नंतर शोधलेल्या वाऱ्याच्या जागेवर, वलांडीला बोंबील अडकवत होती. एवढी वर्षं जे गिळलं होतं ते मी तिच्यासमोर उभ्या उभ्या ओकले. वलांड्या हलवायला मी लावल्या, तिला कामावरून काढायची धमकी मी दिली, सगळं. तिचा हात थांबला नाही.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "तवाच म्हाईत होतं. जन्मापासून बोंबील वाळवलेली बाय ती, तिला वारा कळत नव्हता काय?"

"मग तिच्याशी असं का वागलात?"

"तिनं आमच्याशी खोटं केलं. तुमचं नाव घेतलं असतं तर त्याच सांजेला पोटाशी धरली असती." तिनं आणखी एक जोडी अडकवली. "हळदीला तुमी आल्या ना, तवा आमी समद्या शेजारच्या अंगनात बसलो होतो. साड्या नेसून. म्हटलं, आता ही बाय उठंल आन् बोलंल, मंग जाऊ. तुमी तशाच निगून गेल्या."

मी म्हटलं, वलांड्या परत आमच्या समोर आणा, तिथं वारा आहे. ती म्हणाली, "आता कशाला? हितं बरं चाललंय आमचं." त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

या आठवड्यात पहिल्या कॉटेजमध्ये दादरचं एक कुटुंब उतरलं आहे. काल सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा त्या बाई व्हरांड्यात आरामखुर्चीत बसल्या होत्या. म्हणाल्या, किनारा किती मोकळा आहे हो तुमचा, कुठे कसला वास नाही, काही नाही. माझ्या हातात ट्रे होता, तो मी खाली ठेवला. म्हटलं, इथं गावातल्या बायका बोंबील वाळवायच्या, त्यांना मी इथून घालवलं.

"बरं केलंत," त्या म्हणाल्या आणि कप उचलला.