टाकी भरली

"बटन दाबाले माणूस कायले पाहिजे, वहिनी?" असं म्हणत आमचे शेजारी सर टाळी वाजवायचे आणि ओट्यावरचा दिवा लागायचा. नाही लागला तर पुन्हा टाळी. एकदा सात टाळ्या झाल्या, तेव्हा आमच्या सासूबाईंनी आतून विचारलं, "आरती कोनाकडे आहे गं?"

सर बऱ्हाणपूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. रिटायर झाले, बायको वारली, मुलगी पुण्याला. मग त्यांनी पत्त्यांच्या कॅटाएवढा एक कॉम्प्युटर मागवला आणि सगळं घर त्याच्या ताब्यात दिलं. खुर्चीतून उठलं की पंखा बंद, फाटक उघडलं की दिवा चालू. असा एखादा तुमच्याही गल्लीत असेल. आपण त्याला हसतो आणि लाइट गेली की त्यालाच हाक मारतो.

त्याआधी त्यांची टाकी रोज सकाळी वाहायची. मी गच्चीवर कपडे वाळत घालता घालता ओरडायचे, "सर, टाकी भरली!" ते धावत बाहेर यायचे. "बंद करतो, बंद करतो. भाऊ गेले का दुकानावर? शेवभाजीचा वास येऊन राह्यला!" एवढंच बोलणं. मोटर कॉम्प्युटरला जोडली आणि तेही संपलं. महिनाभर सर दिसले म्हणून नाहीत.

मग एके दिवशी टाकी पुन्हा वाहायला लागली. मी ओरडले. सर लगेच बाहेर. "मशीन आहे वहिनी, बिघडनारच." दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. पुढे पुढे मला वैताग आला. "सर, आता नीट करा की ते!" म्हणाले, "करतो ना." पाणी आपोआप थांबतं हे माझ्या लक्षात आलं होतं, मी ओरडणंच सोडलं. सर तरी ओट्यावर येऊन आमच्या गच्चीकडे बघत उभे राहायचे. मला दिसायचे. पण कुकर लावलेला असायचा, घाई असायची. आता त्या घाईची लाज वाटते.

या थंडीत सर गेले. तेरावं झाल्यावर मुलीने किल्ली माझ्याकडे दिली. "काकू, पप्पांचं ते मशीन तेवढं बंद करून टाकाल का? मला काही समजत नाही त्यातलं."

सकाळी कपडे तसेच ठेवून मी गेले. कॉम्प्युटरचा हिरवा दिवा चालू होता. भिंतीवर सरांच्या सुवाच्य अक्षरात कागद चिकटवलेला: कशाला कोणती तार, कधी चालू, कधी बंद. शेवटची ओळ होती, "मोटर. सकाळी आठ. टाकी भरल्यावर दोन मिनिटं जादा. (वहिनी गच्चीवर.)"

खिडकीतून पाहिलं. टाकीच्या पाइपाखाली जवळच्या दापोरा गावाहून आणलेली केळ लावलेली होती. थेंबही वाया जात नव्हता.

बटनाकडे हात नेला, तेवढ्यात बाहेर पाणी पडायला लागलं. मी त्या रिकाम्या घरात होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडले, "सर, टाकी भरली!"

दोन मिनिटांनी पाणी आपलं आपण थांबलं.