शालनताईंचा पासवर्ड

बुधवार होता. भूगावच्या पुढे आमच्या संस्थेच्या कॉम्प्युटर रूममध्ये मी सलग तिसऱ्या दिवशी एकच ओळ बघत बसले होते... 'पासवर्ड चुकीचा.'

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट, नोकरी नवी. संस्थेच्या मशीनवर मेल, म्हणजे कॉम्प्युटरवरून पत्रं पाठवायची सोय, सुरू होणार होती आणि पासवर्ड तपासणारा प्रोग्रॅम मी स्वतः लिहिला होता.

चाचणीसाठी मी ऑफिसातल्या टायपिस्ट शालनताईंना निवडलं. वीस वर्षं टाइपरायटरवर काढलेल्या... "तुम्हाला नक्की जमेल" म्हणून मीच हट्टाने त्यांना टर्मिनलवर बसवलं होतं.

सोमवारी त्यांनी पासवर्ड टाकला. चुकीचा. तोच पासवर्ड मी प्रोग्रॅमला हाताने दिला, तर बरोबर! मग मी शहाणीसारखी म्हणाले, "ताई, नीट टाइप करा ना." त्या दिवसभर टाइप करत राहिल्या...

मंगळवारी त्यांच्या खुर्चीत मी बसले, तरी तेच. म्हणजे चूक माझ्या प्रोग्रॅमची. पण ताईंना ते पटेना. "मला बरं वाटावं म्हणून म्हणतेस गं. साहेबांना अर्ज लिहून ठेवलाय, माझं जुनं मशीन परत द्या म्हणून. उद्या संध्याकाळी देते."

बुधवारी दुपारपर्यंत मी प्रत्येक ओळ तपासली. डोळे चुरचुरत होते, आणि चूक काही सापडेना...

तेवढ्यात निरोप आला, गावाहून, नेऱ्याहून, वडील आलेत, गेटवर अडवलंय. आदल्या दिवशीच मी त्यांचं नाव पाहुण्यांच्या यादीत घातलं होतं. तावातावाने गेले. "भिकोबा, यादीत नाव आहे ना त्यांचं?"

"आसंल की," वॉचमन भिकोबा म्हणाले. "पर यादी हाय सायबाच्या कपाटात. मला कुटं दिसतीया?"

"मग नाही कसं म्हणालात?"

"दिसंना म्हून न्हाई म्हनलो. सकाळधरनं समद्यांनाच न्हाई म्हनतोय."

वडील हसून म्हणाले, "बरं झालं. मला वाटलं माज्यावरच राग हाय."

मी तिथंच थबकले...

मशीन सांभाळणाऱ्या आमच्या सरांनी कौतुकाने मला त्यांचंच लॉगिन वापरायला दिलं होतं. मी हाताने चालवायचे तेव्हा प्रोग्रॅम सरांच्या अधिकाराने पासवर्डची फाइल उघडायचा. ताई मेल उघडायला जायच्या तेव्हा तोच प्रोग्रॅम मेलच्या अधिकाराने चालायचा, आणि मेलला ती फाइल उघडायचा अधिकारच नव्हता. फाइल उघडली नाही, की माझा प्रोग्रॅम सरळ म्हणायचा... 'पासवर्ड चुकीचा.' तसं मीच लिहिलं होतं.

वडिलांना आत बसवलं आणि मेलला ती फाइल वाचायची परवानगी दिली. 'फाइल उघडता आली नाही' असा वेगळा संदेशही घातला. मग शालनताईंना हाक मारली. अर्जाची घडी त्यांच्या हातातच होती.

त्यांनी एकेक अक्षर जपून टाइप केलं... आणि मेल उघडली. मग मला पहिली मेल लिहिली, एकाच ओळीची. 'माझं चुकत नव्हतं.'

मी माफी मागितली. भिकोबांना त्या दिवशीच यादीची नक्कल मिळाली...

पुढे खूप प्रोग्रॅम लिहिले. पण समोरच्याला 'तुमचं चुकलं' म्हणण्याआधी, आपल्याला यादी दिसतेय का हे बघायचं... ते मला भिकोबांनी शिकवलं.