मोहाखाली झाडलं कोणी

चंद्रपुरात लॉ कॉलेजची प्रवेश परीक्षा देऊन आम्ही चार-पाच जण कडुनिंबाखाली निबंध ताडून पाहत होतो. विषय होता, ‘जंगल कोणाचं?’ मी सरकारचं लिहिलं होतं, मूल गावच्या एकानं जनतेचं, आणि दोघंही हट्टाला पेटलो होतो.

कुरखेड्याकडची एक मुलगी हातानं पाला सारून, जागा साफ करून बसली होती. तिला विचारलं.

“मी आमच्या गावच्या मोहाचं लिवलं,” ती म्हणाली. “फुलं पडाच्या आधी झाडाखाली जो झाडते, त्याचीच त्या सालची फुलं. औंदा शेजाऱ्यानं झाडलं, अन् माहा बाप फुलांसाठी भांडून राह्यला.”

“म्हणजे बापाच्या बाजूनं लिवलं,” मूलवाला म्हणाला.

“नाई. शेजाऱ्याच्या. बापानं झाडलंच नाई, तं कसं लिवू?”

“घरी सांगशीन?”

“घरी काऊन? तो फाटकापाशीच उभा आहे.”

ती सरळ गेली, बापाशी बोलली. मग त्यानं तिची पिशवी आपल्या खांद्याला अडकवली आणि दोघं स्टँडकडे निघाले.

ती पुन्हा दिसली नाही. मी वकील झालो. आपल्याच पक्षकाराला ‘चूक तुमची आहे’ सांगताना जीभ अडखळते, तेव्हा मी ते फाटक आठवतो.