कागदावर मेलेला बाप

"अजून थोडं रड. बुडाले म्हणताना थांब, मग डोळे पूस," मॅडम म्हणाल्या.

मी रडले. सांगितलं तसं. समोर रिकाम्या खुर्च्या होत्या, दुसऱ्या दिवशी शिबिराच्या समारोपाला तिथे देणगीदार पाहुणे बसणार होते. कागदावर इंग्रजीत लिहिलं होतं, माझे वडील दारू पिऊन समुद्रात गेले आणि बुडाले, आम्ही उपाशी झोपायचो, मग संस्थेनं मला हात दिला.

माझे वडील रेवदंड्याचे कोळी. त्या दिवशी ते बोटीवर होते, धडधाकट. दारूचा त्यांना वासही सहन होत नाही. हे मी मॅडमना सांगितलं. त्या हसल्या.

"अगं, जिवंत बाप बघून कोण देणगी देतं?"

मॅडम आमच्याच बाजूच्या. अलिबागजवळ नारळी-पोफळीची वाडी, घरात वकील, प्राध्यापक. त्यांची संस्था दर ऑगस्टमध्ये जॉर्जिया देशातल्या डोंगरात, मुलांच्या शिबिरात इंग्रजी शिकवायला स्वयंसेवक नेते. माझी निवड झाली तेव्हा मी हवेत होते. मुलं चौदा-पंधरा वर्षांची, आगाऊ पण गोड. दहा दिवस शिकवलं. चांगलं शिकवलं, उगाच नम्रपणा कशाला? पण जेवायला बसलं की मॅडम सगळ्यांसमोर माझा हात हुंगायच्या. "गेला बाई मासळीचा वास एकदाचा!" बाकीचे स्वयंसेवक हसायचे. मीही हसायचे. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. शेवटी मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर मला शाळेत नोकरी लागणार होती, म्हणून हसले. म्हणूनच तो कागदही वाचला.

तालीम संपली. बाकीच्या स्वयंसेवकांनी टाळ्या वाजवल्या. बाहेर आले तर आईचा फोन.

"बाबाची बोट आली नाय गो. बाकीच्या सगल्या आल्या. वारा लय हाय."

आमच्या घरात बोट बाहेर असताना बुडणं हा शब्द कुणी काढत नाही. भांडं पाण्यात गेलं तरी आई म्हणते, खाली बसलं. आणि मी तो शब्द माइकवर म्हटला होता. पाच वेळा. मॅडमच्या पसंतीला उतरेपर्यंत. मी शिकलेली आहे, शब्दानं बोट बुडत नाही हे मला कळतं. तरी भीती जाईना.

मॅडमना जाऊन सांगितलं. त्यांनी जरा विचार केला.

"मग उद्या खरं रडू येईल तुला."

माझी भीती तिथेच संपली. राग तेवढा उरला.

दुसऱ्या दिवशीही बोटीचा पत्ता नव्हता. मी स्टेजवर गेले आणि कागद न उघडता इंग्रजीत म्हणाले, "माझे वडील जिवंत आहेत. समुद्रावर आहेत. या कागदावरचं सगळं खोटं आहे."

माइक बंद झाला. पाहुणे तिथलेच, इंग्रजी जेमतेम कळणारे, एकमेकांकडे बघत राहिले. तेव्हा पुढच्या रांगेतली माझी एक विद्यार्थिनी उठली आणि तिनं ते त्यांच्या भाषेत सांगितलं. मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला.

प्रमाणपत्र मिळालं नाही. नोकरीही गेली. बाबा तिसऱ्या दिवशी आले, इंजिन बंद पडून बोट मुरुडकडे वाहत गेली होती. पण संस्थेच्या छापील पुस्तिकेत ते अजून मेलेलेच आहेत, माझ्या अर्जातून काढलेल्या त्यांच्या फोटोसकट. ते काढा म्हणून तीनदा लिहिलं. उत्तर नाही.

यंदा मॅडम शिबिरासाठी नव्या स्वयंसेवक मुली निवडायला आमच्याच गावच्या शाळेत येणार आहेत. मीही जाणार आहे, आणि प्रत्येक मुलीच्या आईला घेऊन जाणार आहे. मुलीच्या हातात दिलेला प्रत्येक कागद मी मराठीत, मोठ्यानं वाचणार. आणि मॅडमना म्हणणार, आता या बाईच्या डोळ्यांत बघून सांगा, हिचा नवरा कसा मेला.