मी मागवलेले ब्रेक पॅड

मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात मी सारी नोकरी खरेदी विभागात काढली. साधा झाडू घ्यायचा असला तरी तीन ठिकाणची कोटेशनं मागवायची, ती शेजारी शेजारी ठेवायची आणि सगळ्यात खालच्या आकड्यावर टिक करायची. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, तरी खोड जात नाही. त्यात मी मुळात स्वस्थ बसणारा माणूस नव्हे. तरसालीच्या घरात मी आणि मुलगी, दोघंच. ती सकाळी गाडी काढून करजणच्या पुढे कंपनीत जाते आणि मग दिवसभर मी आणि माझा मोबाइल.

गाडीचे पुढचे ब्रेक पॅड झिजलेत असं आमच्या मेकॅनिकनं सांगितलं, तेव्हा माझ्यातला खरेदीवाला जागा झाला. हा मेकॅनिक आमच्याच रस्त्यावरचा, गुजराती, पंधरा वर्षं आमची गाडी बघणारा. त्यानं कधी फसवल्याचं एकही उदाहरण मला देता येणार नाही. पण पार्ट तोच आणतो, भाव तोच सांगतो, दुसरं कोटेशनच नाही, हे मला कायम खुपायचं. मी त्याला म्हटलं, "भाई, पॅड हुं मंगावीश. तमे फक्त फिट करी आपजो." तो हसला आणि हात पुसत आत गेला.

"बाबा, ब्रेक आहेत ते," मुलगी म्हणाली. "त्यालाच आणू द्या ना."

मी ऐकतो कसला! दोन दिवस मोबाइलवर नुसते पॅड बघितले. गाडीचं मॉडेल टाकलं, वर्ष टाकलं, तीन दुकानं निवडली आणि सगळ्यात स्वस्त पॅड मागवून मोकळा झालो. मग पार्सलची वाट बघणं सुरू. भिवंडीहून निघालं. सुरतेला पोचलं. दोन दिवस सुरतेतच. मी दर पाव तासानं फोन उघडायचो, जसं काही माझ्या बघण्यानं ते पुढे सरकणार होतं.

पार्सल आलं त्या शनिवारी मुलीला सुटी होती. मी गाडी गॅरेजवर नेली आणि खोका ऐटीत मेकॅनिकच्या हातात दिला. त्यानं एक पॅड काढला, वास घेतला, कडेला नखानं टोकरलं, खालच्या सिमेंटवर घासून डाग बघितला. एवढं झाल्यावर म्हणाला, "काका, मने आ माल गमतो नथी."

चार माणसं उभी होती. त्यांच्यासमोर म्हणे माल पसंत नाही; हा मला माल शिकवणार? मी म्हटलं, मी आयुष्यभर मालच खरेदी केलाय, तू बसव. "तमे कहो छो एटले नाखुं छुं," तुम्ही म्हणता म्हणून बसवतो, एवढंच तो बोलला आणि जॅक लावला. मी तिथून पायीच घरी आलो. संध्याकाळी गाडी आणायला मुलगी गेली.

सोमवारी ती कामावर गेली आणि मी सहज म्हणून त्याच पॅडखाली लोकांनी काय लिहिलंय ते वाचायला बसलो. घेताना फक्त पाच ताऱ्यांचे अभिप्राय वाचले होते. आता एका ताऱ्याचे वाचले. एकानं लिहिलं होतं की गाडी तापली की ब्रेक लागतच नाही. दुसऱ्यानं लिहिलं होतं, खोका हुबेहूब, आत भलताच माल. मुलगी त्या वेळी हायवेवर, दोन्ही बाजूंनी ट्रक.

मी फोन केला. "पोचलीस का?"

"पोचले, बाबा."

"ब्रेक कसा वाटतो?"

"बरा आहे."

बस. ती बरा म्हणाली म्हणून मी बरा मानला. पण मन कुठलं मानतंय! रोज सकाळी ती निघाली की मी फाटकापर्यंत जायचो, परत यायचो, पंख्याखाली बसायचो, उठायचो. हल्ली ती वीस मिनिटं आधी निघत होती. मला वाटलं, बरंय, सावकाश चालवत असेल. पेपरात हायवेवरच्या अपघाताची बातमी दिसली की मी पानच उलटायचो. खरं म्हणजे एका वाक्याचं काम होतं: माझं चुकलं, पॅड बदलून घे. ते वाक्य माझ्या तोंडून निघेना. रोज ठरवायचो, संध्याकाळी ती सुखरूप परत आली की वाटायचं, आजचा दिवस तर गेला. मला माझी लाज वाटते हे लिहिताना, पण झालं ते असंच.

तेवीस दिवस मी हे केलं. चोविसाव्या दिवशी सकाळी तिचा फोन लागला नाही. अर्धा तास. मी चपला घालून सरळ गॅरेजवर गेलो आणि दमलेल्या आवाजात सगळं ओकून टाकलं. पॅड खराब आहेत, मला माहीत होतं, पोरगी रोज हायवेवर जाते आणि आता फोन उचलत नाही.

मेकॅनिकनं हातातला पाना खाली ठेवला. "काका, बेन तो ट्रेनमां जाय छे. तमने खबर नथी?"

शनिवारी गाडी न्यायला आली तेव्हाच त्यानं तिला सांगितलं होतं: गावात हळूहळू चालवा, हायवेवर नको. तेव्हापासून ती सयाजीगंजला स्टेशनवर गाडी लावत होती, करजणपर्यंत लोकलनं आणि पुढे रिक्षानं जात होती. तो तेव्हाच पॅड बदलून द्यायला तयार होता. तिनंच नको म्हटलं.

"केम?" मी कारण विचारलं.

"बेन कहे, काकाने पूछ्या वगर नहीं. काका जाते आवशे."

मला विचारल्याशिवाय नको, मी आपण होऊन येईन, असं ती म्हणाली होती. आणि मी तेवीस दिवस लावले. मी तिथल्या स्टुलावर बसलो. तितक्यात तिचा मेसेज आला, गाडीत रेंज नव्हती म्हणून. मी गाडी म्हणजे काय समजायचं ते या वेळी समजलो.

संध्याकाळी तिच्याकडून किल्ली घेऊन मीच गाडी गॅरेजवर नेली. पॅड त्यानं त्याच्या दुकानदाराकडून आणून ठेवले होते. मी खोकाही बघायला मागितला नाही.

घरी आल्यावर किल्ली तिच्यासमोर धरून म्हटलं, "पॅड बदलले. उद्यापासून गाडीनं जा."

तिनं किल्लीला हात लावला नाही. "आणले कुणी?"

"त्यानं."

मग तिनं किल्ली घेतली.